भाऊजींच्या तोफेला सायलेन्सर बसवताना

आपलं गाव, तालुका मोर्शी, मार्गशीर्ष महिना (तारीख ताईच्या मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइल ताईच्या हातात आहे, म्हणून तिथीवर भागवतो. तिथीही विसरलो आहे.)

रा. रा. पंजाबराव भाऊजी, मुक्काम अकोला, यांना सहदेवचा वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे पूर्ण वाकता येत नाही, पण अकोल्याहून ते दिसणार नाही, तेव्हा पूर्ण वाकलो असं समजावं. तुमची शुगर, तुमचा डावा गुडघा आणि वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून तुमच्या बरोबर निवृत्त न झालेला तुमचा आवाज, हे तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. आठ दिवसांसाठी माहेरी आलेली ताई अडीच महिन्यांपासून खुशाल आहे. साधना माझ्याशी बोलत नाही, म्हणजे बायकोही खुशाल. बगिच्यातली संत्री माकडांनी जेवढी ठेवली तेवढी खुशाल. आई तर सगळ्यांत जास्त खुशाल आहे. रोज सकाळी अकराच्या ठोक्याला एका हातात काठी आणि काखेत स्वतःचं पितळी ताट घेऊन ती चार घरं ओलांडते आणि देवीदासच्या घरी जेवायला जाते. आज आठवा दिवस. आपल्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. रस्त्यात कोणी विचारलं तर काठी आपल्या दाराकडे करून दाखवते आणि पुढे चालू लागते. बत्तीस वर्षं शाळेत कारकुनी केली भाऊजी, गावात कोणी माझ्याविषयी दोन शब्द बोललं नव्हतं. आता बोलायला शब्दच लागत नाहीत, ताट पाहिलं की झालं.

हे सगळं तुम्ही दिलेल्या भेटवस्तूमुळे घडलं असं मी म्हणत नाही. मी फक्त क्रमाने सांगतो, निष्कर्ष तुम्ही काढा. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला पहिल्या वाक्यानंतर बोलू देत नाही, आणि पहिल्या वाक्याआधी ताई फोन घेते. पत्रात एक बरं असतं, समोरच्याला मध्ये 'थांब, थांब, तुले समजत नाही' म्हणता येत नाही.

तर, दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आलात आणि तोफ देऊन गेलात. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून तुम्ही गाडीच्या डिक्कीतून ती निळी, तीन पायांची, गॅसच्या टाकीवर चालणारी, माकडं-पोपट हाकलायची तोफ काढली, तेव्हा अर्धं गाव गोळा झालं होतं. दर वीस मिनिटांनी आपोआप बार काढते, सकाळी पाचला सुरू, संध्याकाळी सातला बंद, माणूस लागत नाही, असं तुम्ही सांगितलंत. (माणूस लागत नाही हे खरं निघालं. तिच्या आसपास माणूस राहतच नाही.) मला गरज होती हे मी नाकारत नाही. बाबांची शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, पण निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते, आणि आपल्याकडे कुठली ना कुठली निवडणूक लागलेलीच असते. त्या बंदुकीने बगिचापेक्षा ठाण्याचं संरक्षण जास्त केलं. शिवाय घरच्या जावयाने भरल्या गावासमोर दिलेली वस्तू परत करायची आपल्यात रीत नाही. जावयाने दगड दिला तरी तो देवघराजवळ ठेवावा लागतो. हा तर चांगला बार काढणारा दगड होता.

पहिल्या बाराला गोठ्यातली गाय दावं तोडून गेली. दुसऱ्या बाराला साधनाच्या हातून दुधाचं पातेलं गेलं. तिसऱ्या बाराची आम्ही सगळे घड्याळाकडे पाहत वाट पाहत होतो, आणि हीच त्या तोफेची खरी करामत आहे. बार एका क्षणात होऊन जातो, पण मधली वीस मिनिटं माणूस खांदे वर करून बसतो. माकडं दोन दिवस आली नाहीत. तिसऱ्या दिवशी आली, बार झाला की टाळ्या मागितल्यासारखं एकमेकांकडे पाहायची आणि मग खायला बसायची.

एकच माणूस सुखी होतं, ते म्हणजे आई. तुम्हांला ठाऊकच आहे, पाच-सहा वर्षं झाली, तिला कानाजवळ ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ओरडलेलंही अर्धंच पोचतं. तुम्ही आणलेलं कानाचं मशीन तिने डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलं आहे. पाहुणे आले की दाखवते, कानाला लावत नाही, झिजेल म्हणते. तर पहिल्या दिवशी बार झाला आणि आईने मान वर केली. फळीवरची पितळी ताटं थरथरली, तिने ताटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसली. त्या दिवसापासून तिचा दिनक्रम तोफेवर लागला. पहिल्या बाराला चहा. नऊच्या बाराला बीपीची गोळी. अकराच्या बाराला जेवण. मधल्या बारांना ती नुसती ताटांकडे पाहायची आणि म्हणायची, वावर जागं आहे. मला हे तेव्हा गमतीचं वाटलं. मला बऱ्याच गोष्टी वेळेवर गमतीच्या वाटतात आणि नंतर कळतात.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत अर्ज गेला. अकरा सह्या, पहिली सही देवीदासची, कारण त्याचा बगिचा आपल्या धुऱ्याला, बांधाला बांध लागून आहे आणि त्याच्या म्हशीने बाराला दचकून दूध चोरायला, आचळात धरून ठेवायला सुरुवात केली होती. (अर्ज मी पाहिला. अक्षर वळणदार होतं, 'ध्वनिप्रदूषण' शब्दातल्या वेलांट्या अगदी जागच्या जागी होत्या. आपल्या गावात इतकं शुद्ध लिहिणारं कोण आहे याची बरीच चर्चा झाली. मीही त्या चर्चेत भाग घेतला.) ताईची अर्जावर सही नव्हती, पण तिचं डोकं रोज त्या अर्जाच्या बाजूने दुखत होतं. पंचायतीत मला बोलावलं. देवीदास समजूतदार माणूस, तो म्हणाला, "तोफ वाजवा ना सहदेवभाऊ, आमी कुठं नाही म्हनून राह्यलो? फक्त आमाले आयकू नोका येऊ देऊ." सरपंचांनी हा तोडगा ताबडतोब मान्य केला आणि चहा मागवला. आवाज करायची यंत्रं मी ऐकली होती, आवाज बंद करायचीही ऐकली होती. एकाच नळीला दोन्ही लावायचा ठराव मात्र आमच्याच पंचायतीने केला आणि तो एकमताने केला.

पुढचं तुम्हांला माहीत आहे, कारण पुढचं तुमच्याच सल्ल्याने झालं. बाबांच्या जुन्या डिझेल इंजिनाचा सायलेन्सर कोठ्यात पडून होता. तुम्ही फोनवर सांगितलंत की तो तोफेच्या तोंडाला बसेल, फक्त मध्ये एक जोडणी पाहिजे. एका बाजूने तोफेच्या आट्यावर चढणारी, दुसऱ्या बाजूने सायलेन्सरच्या गळ्यात जाणारी. खरी गोम जोडणीत आहे, सायलेन्सर काय कोणताही चालतो, असंही म्हणालात. आणि तोंडाचं माप पाठव म्हणालात.

आता भाऊजी, माप. घरात टेप होता, तो ताईने ब्लाउजच्या मापासाठी घेतला आणि तो कुठे ठेवला हे तिला विचारायची माझी हिंमत नाही. मी नळीच्या तोंडावर साधनाची बांगडी धरून पाहिली. हिरवी, काचेची, अशी अलगद बसली की जणू बांगडीवाल्याने तोफेचा हात दाबून भरली. साधनाला विचारलं तुझं माप काय, ती म्हणाली दोन-सहा. मी तुम्हांला कळवलं, दोन-सहा. बांगडीवाल्याचे सहा म्हणजे सहा आणे, इंचाचे सोळा भाग करून त्यातले सहा. हे प्रत्येक बाईला माहीत असतं. तुम्ही फोरमन. तुम्ही सहा सूत धरले, इंचाचे आठ भाग करून त्यातले सहा, आणि जोडणी कातून घेतलीत पावणेतीन इंची. मोर्शीचा नळ फिटिंगवाला त्याच नळीला नुसती पाहून दोन इंची म्हणाला, कारण तो आतली पोकळी मोजतो. एका तोंडाला तीन मापं आणि तिन्ही बरोबर, फक्त एकमेकांशी बोलत नव्हती. तुम्ही एकदा विचारलं असतंत की कशाने मोजलं, तर काम झालं असतं. पण तुम्ही विचारत नाही, सांगता.

तुमची जोडणी बसमध्ये कंडक्टरच्या हाती आली. ती तोफेच्या तोंडावर अशी खेळत होती की दोन बोटं मध्ये जातील. तुम्हांला फोन केला, तुम्ही म्हणालात, सुतळी गुंडाळ, नळवाले सांधा बुजवायला लावतात तो सफेदा लाव आणि ठोक. मी सुतळी गुंडाळली, सफेदा लावला आणि ठोकली. नेमका त्याच दिवशी देवीदासकडे बगिच्यात रोडग्यांचा कार्यक्रम होता. म्हैस पुन्हा दूध द्यायला लागल्याचा नवस. (तोफ दोन दिवस बंद होती, म्हणून म्हैस दूध देत होती, पण श्रेय देवाला गेलं. आईला मी रिकामी टाकी उलटी करून दाखवली होती, गॅस संपला हे तिला पटलं.) चाळीस-पन्नास माणसं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पडलेला, त्यात कणकेचे रोडगे पुरलेले, बाजूला चुलीवर वांग्याच्या भाजीचा गंज. इकडे बार झाला. आवाज खरंच कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण निम्मा जोर जोडणी फेकण्यात गेला. सायलेन्सर जागेवरच गळून पडला आणि तुमची जोडणी धुरा ओलांडून थेट आरात जाऊन बसली. राख उडाली, लोक उठले, पुन्हा बसले. कोणाला काही दिसलं नाही. अर्ध्या तासाने रोडगे काढले तेव्हा तीही काढली गेली, राख झटकून, फडक्यात धरून. रोडगा बुक्कीने फोडून त्यात तूप सोडायची रीत आहे हे तुम्ही जाणता. देवीदासच्या मेव्हण्याने सवयीप्रमाणे बुक्की मारली. तो बडनेऱ्याचा पहिलवान माणूस आहे, त्याने दुसऱ्यांदाही मारली. त्याचा हात आता बरा आहे.

यानंतर मी ठरवलं की माप कळवायचं नाही, तोंडच घेऊन जायचं. तोफेची नळी सोडवली, सतरंजीत गुंडाळली, सायलेन्सर पिशवीत घेतला आणि सकाळच्या बसने अमरावतीला निघालो. निवडणुकीची नाकाबंदी सुरू होती हे माझ्या ध्यानात नव्हतं. बस थांबली, एक हवालदारसाहेब वर चढले, सरळ माझ्या सतरंजीपाशी आले आणि काय आहे म्हणून विचारलं. मी बत्तीस वर्षं सरकारी कागद भरलेला माणूस, जे आहे ते लिहायची सवय. म्हणालो, तोफेची नळी. पिशवीत काय आहे? म्हणालो, तिचा सायलेन्सर. बसमधली माझ्या शेजारची बाई उठून ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिली. मला खाली उतरवलं. पाऊण तास मी त्यांना समजावलं की बंदुकीला सायलेन्सर लावणं गुन्हा आहे हे मला मान्य आहे, आमची बंदूक तुमच्याच खात्याकडे जमा आहे, तिला आम्ही काही लावू म्हटलं तरी लावू शकत नाही, आणि ही तोफ माकडांसाठी आहे. साहेबांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "मंग आवाजच नाही झाला तर माकडं पयतीन कायले?" भाऊजी, दसऱ्यापासून हा प्रश्न ना तुम्हांला पडला, ना मला, ना पंचायतीला. तो एका अनोळखी हवालदाराला रस्त्यावर पडला. मी तो प्रश्न तिकिटाच्या मागे लिहून घ्यायला लागलो, तेव्हा त्यांनी मला सोडून दिलं.

राजापेठेत उतरून दोन-तीन दुकानांत विचारलं. 'तोफेच्या तोंडाला बसेल असं काही' म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडे पाहायचा आणि मग रस्त्याकडे, बरोबर कोणी आलं आहे का म्हणून. एकाने अखेर अनुप नावाच्या लेथवाल्याकडे पाठवलं. हा अनुप शहाणा निघाला. त्याने माप विचारलं नाही. नळी हातात घेतली, आट्यांवरून नखाने मोजत गेला, मग सायलेन्सरचा गळा पाहिला आणि म्हणाला, हे लग्न जमणार नाही, एकाचे आटे जाड, एकाचे बारीक. मग त्याने मला मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ दाखवला. तिकडे म्हणे लोक हौसेच्या रायफलींना कायदेशीर सायलेन्सर लावतात, आणि त्यांचाही सगळा घोळ याच जागेवर. आधी नळीच्या तोंडाला एक जोडणी, मग तिच्यावर सायलेन्सर. दोघांची सोयरीक नसली की तो गोरा माणूस तोंड पाडून बसतो. त्या गोऱ्याच्या टेबलावर वीस प्रकारच्या जोडण्या मांडल्या होत्या आणि कोणती कोणाला चालत नाही ते तो तळमळीने सांगत होता. भाषा कळली नाही, तळमळ कळली. मला बरं वाटलं. अर्थात त्याला भाऊजी नसावेत, कारण तो मध्ये न थांबता बोलत होता.

अनुपने माझ्यासमोर जोडणी कातली. एका बाजूला जाड आटे, दुसऱ्या बाजूला बारीक. घरी येऊन चढवली, अशी फिरत गेली की लोणी. शेवटी तुम्ही फोनवर बजावलंत म्हणून सफेदा भरपूर लावला आणि दोन माणसांनी लोंबकळून आवळली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा बार झाला. झाला म्हणजे तिपाई हलली, सायलेन्सरच्या टोकातून फुस्स करून वाफ निघाली, बस. धुऱ्यावर उभ्या देवीदासला काही ऐकू आलं नाही. त्याने मला हात जोडले, मी त्याला जोडले. ताईचं डोकं थांबलं. गायीने रवंथ सुरू केला. माकडांची तर फारच सोय झाली. थंडीचे दिवस, सायलेन्सर दर वीस मिनिटांनी गरम होतो, दोन म्हातारी माकडं सकाळी त्याच्यावर येऊन शेकत बसतात. हवालदारसाहेबांना कळवायचं राहून गेलं.

आता आई. त्या दिवशी सकाळी तिने चहा घेतला नाही. नऊला गोळी घेतली नाही. मला वाटलं, तोफेची वेळ चुकली म्हणून गोंधळली असेल. दुसऱ्या दिवशी ताटांसमोर बाज टाकून बसली. तिसऱ्या दिवशी साधनाने वाढलेलं ताट तिने दूर सारलं आणि मला विचारलं, "वावर इकलं ना?" मी दोन्ही हात जोरात हलवून नाही-नाही केलं. तिला तेच हात 'गेलं, सगळं गेलं' असे दिसले. तिच्या हिशेबात सगळं बसत होतं भाऊजी. लेक दसऱ्याला येते आणि जात नाही, म्हणजे हिश्श्यासाठी थांबली. नोव्हेंबरात ताईने पेन्शनच्या हयातीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला, म्हणजे तो विक्रीचा कागद. धुऱ्यावर देवीदास आणि मी एकमेकांना हात जोडतो, म्हणजे सौदा. आणि वावर गप झालं. ती उठली, स्वतःचं ताट घेतलं, धुतलं आणि म्हणाली, "ज्याचं वावर, त्याची भाकर." अन् निघाली देवीदासकडे. त्याच्या बायकोने, गोदाबाईने, पहिल्या दिवशी पाहुणचार समजून वाढलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या केल्या. आता आठवा दिवस आहे, आता गोदाबाई अकराच्या आधी आपल्या दाराकडे पाहते आणि मग माझ्याकडे पाहत नाही.

मी आईला बगिच्यात घेऊन गेलो. खुर्चीवर बसवून, मी आणि ताईने उचलून, भर गावातून (हेही झालं). झाडं दाखवली, आपलीच. विहीर दाखवली. मग तोफेसमोर बसवली. बार झाला, तिपाई हलली, टोकातून फुस्स झालं. आईने बराच वेळ पाहिलं. पुढच्या बारापर्यंत थांबली, पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "हे बी तुमच्यासारखंच झालं. तोंड हालते, आयकू काई येत नाई."

मला वाटलं होतं, तोफ अजून आपल्या वावरात आहे हे पाहून तिचा संशय फिटेल. तर तिने विचारलं, हिचा आवाज कोणी बंद करायला लावला? ताईने निमूटपणे देवीदासच्या धुऱ्याकडे बोट दाखवलं. आई हसली, समजलं अशी. म्हणाली, ज्याच्या म्हणण्यावर तोफ गप होते, वावर त्याचंच. आणि खुर्ची देवीदासच्या घराकडे घ्यायला सांगितली, अकरा वाजले होते. तिची वकिली कुठे चुकते ते मला अजून सापडलेलं नाही.

असो. बाकी सगळे मजेत. तुमच्या शुगरची काळजी घ्या. मुलांना आशीर्वाद. तुमच्या तोफेची आठवण रोज होते, विशेषतः अकरा वाजता.

आपला आज्ञाधारक (आज्ञा पाळल्यामुळेच ही वेळ आली),
सहदेव

ता. क. : तुमच्याकडे वर्कशॉपातला तो मोठा चेन पाना आहे ना, तो घेऊन लगेच निघा. कंडक्टरकडे देऊ नका, स्वतः या. सायलेन्सर निघत नाही. सफेदा असा मुरला आहे की तोफ, जोडणी आणि सायलेन्सर एकजीव झाले. मी, देवीदास आणि त्याचा तो पहिलवान मेव्हणा, तिघांनी लोंबकळून पाहिलं. नळी कापायचं म्हणाल तर अनुप नको म्हणतो, तोंड एकदा गेलं की परत येत नाही म्हणतो. दरम्यान मी आईच्या भिंतीपाशी रिकामा ड्रम दर वीस मिनिटांनी वाजवून पाहिला. तिला थोडं ऐकू आलं. तिने विचारलं कोणाचं लग्न आहे आणि आपल्याला पत्रिका कशी नाही.

आणखी ता. क. : हे फक्त तुमच्यासाठी. ताईला वाचून दाखवू नका. पंचायतीतला तो अर्ज मी लिहिला होता. देवीदासकडे मीच गेलो, सह्या मीच गोळा केल्या. म्हशीचं कारण मी सुचवलं. तुमची तोफ मला पंधरा दिवसांवर सहन झाली नाही आणि जावयाची वस्तू परत करता येत नाही, म्हणून गावाकडून तक्रार करवली. म्हणजे आईच्या कायद्याने वावर अजून माझंच आहे, कारण तोफ माझ्याच म्हणण्यावर गप झाली. पण हे आईला सांगायचं तर ओरडावं लागेल, आणि तिला ऐकू जाईल इतकं ओरडलो तर पार चांदूर रेल्वे गावापर्यंत कळेल. माझ्या आईला एकच आवाज ऐकू येत होता, तो मी अर्ज लिहून बंद केला. याची मला लाज वाटते भाऊजी, आणि हे वाक्य मी विनोदाने लिहिलेलं नाही.

शेवटचं ता. क. : पत्र काल पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. आज अकराला आई ताट घेऊन निघाली तेव्हा मी अंगणात आडवा आलो आणि ओरडलो. सगळं ओरडलो, अर्ज, सह्या, म्हैस, वेलांट्यांसकट. ताई ओसरीवर आली, देवीदास त्याच्या दारात आला, गोदाबाई हातात उलथणं घेऊन आली, समोरच्या घरातल्यांनी टीव्ही बंद केला. तीन वेळा ओरडावं लागलं. आईने शेवटी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे तूनंच बंद करवली?" मी मान हलवली. ती मागे फिरली, पाटावर बसली, ताट पुढे केलं आणि साधनाला म्हणाली, "मंग वावर आपलंच हाय. वाढ." जेवली. गोदाबाईची भाजी याहून चांगली असते असंही म्हणाली. आमचं संगनमत भर गावात फोडलं म्हणून देवीदास माझ्याशी बोलत नाही, सह्या करणारे बाकीचे दहाही जण बोलत नाहीत, आणि ताई तुमच्याकडे यायची तयारी करते आहे. पण पाना तरीही आणा. आई जेवताना दोनदा थांबली आणि फळीवरच्या ताटांकडे पाहत राहिली. ताटं हलत नव्हती.